रामल्याला जाण्याआधी वरळीला

पत्र

सप्रेम नमस्कार. मी माझगावात राहते. वय ६४, बँकेतून निवृत्त. माझी मुलगी इस्राएलमध्ये रेहोवोत येथील वाइझमन विज्ञान संस्थेत संशोधन करते आणि पुढच्या दोन महिन्यांत मी प्रथमच तिच्याकडे महिनाभर राहायला जाणार आहे. तिथून जवळच, रामला शहरात, माझ्या आईची जिवलग मैत्रीण राहते. आम्ही भायखळ्याच्या चाळीत असताना त्या बेने इस्राएल (मराठी बोलणाऱ्या ज्यू) कुटुंबाची खोली आमच्या भिंतीला भिंत लागून होती. शनिवारी, त्यांच्या धार्मिक विश्रांतीच्या दिवशी, त्यांच्या घरी विस्तव पेटवत नसत, म्हणून दिवा लावायला आणि स्टोव्ह पेटवायला मी जात असे. मावशी १९७० मध्ये इस्राएलला गेल्या, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पुढे बारा वर्षे पत्रे येत-जात राहिली.

१९८२ च्या संपात वडिलांची गिरणीतली नोकरी गेली. त्याच वर्षी मावशींनी मुंबईला येणाऱ्या एका नातेवाइकाच्या हाती तीनशे रुपये पाठवले आणि वरळीच्या कबरस्तानातील त्यांच्या वडिलांची कबर साफ करून, अक्षरे रंगवून, तिचा फोटो पाठवायला आईला सांगितले. ते पैसे रेशनात आणि खोलीच्या भाड्यात गेले. आईने फोटो पाठवला नाही आणि लाजेपोटी पत्रे लिहिणेही थांबवले. त्यानंतर आलेली मावशींची तीन पत्रे आईच्या ट्रंकेत सापडली, घड्यांवर झिजून फाटलेली. २०११ मध्ये आई गेली. जाण्यापूर्वी तिने हे मला सांगितले होते, तरी तिच्या निधनाची बातमीही मी मावशींना कळवली नाही. आता मुलीने मावशींच्या मुलाचा नंबर मिळवला असून त्याच्याशी एकदा बोलणे झाले आहे. मावशी ८५ वर्षांच्या आहेत आणि हल्ली विसरतात. मुलगी म्हणते, जुने काही काढू नकोस, तासभर बसून ये. माझे मात्र पाऊल उचलत नाही. जावे का? गेले तर सांगावे का? पैसे परत कसे करावेत? सोबत काय न्यावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही जावे आणि झाले ते सांगावे. मात्र विमानात बसण्याआधी एकदा वरळीला जाऊन यावे, असे मला मनापासून वाटते. तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट खटकली. तुम्ही पैसे परत करण्याविषयी विचारता, पण मावशींनी तुमच्या आईकडे पैसे कधी मागितलेच नव्हते. त्यांनी फोटो मागितला होता. ते देणे आजही तसेच उभे आहे आणि ते फेडणे तुमच्या हातात आहे, कारण तुम्ही माझगावात राहता आणि ती कबर तुमच्या घरापासून टॅक्सीने फार लांब नाही.

आधी आईविषयी थोडे बोलू द्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. घरोघरी तो एकेक करून विझत गेला. पहिल्या काही महिन्यांत पितळेची भांडी गेली, मग मंगळसूत्राच्या वाट्या गेल्या, मग मुलांच्या शाळा सुटल्या. लालबाग, परळ, भायखळ्याच्या चाळींत ज्यांनी ते दिवस काढले त्यांना हे सांगावे लागत नाही. अशा घरात तीनशे रुपये आले आणि घरात शिजवायला काही नव्हते, तर त्या बाईने काय करायला हवे होते हे आज पोटभर जेवून ठरवण्याचा अधिकार मला नाही आणि तुम्हालाही नाही. पैसे खर्च केल्याबद्दल मी तुमच्या आईला दोष देणार नाही.

तिच्या मौनाबद्दल मात्र मी तसे म्हणू शकत नाही, आणि हे लिहिताना मला वाईट वाटते. मावशींच्या बाजूने पाहा. भारत आणि इस्राएल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले ते २९ जानेवारी १९९२ रोजी. त्याआधी इस्राएलचे येथे केवळ एक वाणिज्य दूतावास होते आणि तेही आपल्या मुंबईत. त्या काळी तिकडे गेलेल्या नोकरदार माणसाला मनात आले म्हणून मुंबईला येऊन वडिलांच्या कबरीपाशी उभे राहणे सोपे नव्हते. या शहरात मावशींचे डोळे म्हणजे तुमची आई होती, आणि एके दिवशी त्या डोळ्यांनी उत्तर देणे थांबवले. तीनशे रुपयांचे काय झाले असेल, याचा अंदाज मुंबईच्या संपाची बातमी ऐकलेल्या कोणत्याही माणसाला करता आला असता. पण मैत्रीण रागावली आहे की आजारी आहे की जगातच नाही, हे त्यांना चाळीस वर्षांत कोणी सांगितले नाही. तुमच्या मुलीचा सल्ला प्रेमापोटी आलेला आहे, तरी तो मला म्हणूनच पटत नाही. तुम्ही तासभर बसून, चहा घेऊन, हसून परत आलात तर ते मौन पुढच्या पिढीतही चालू राहील, आणि या वेळी ते तुमचे असेल.

आता वरळी. डॉ. ई. मोझेस मार्गावरील ज्यू कबरस्तान तुम्ही बाहेरून अनेकदा पाहिले असेल. ज्यांचे नाव त्या रस्त्याला आहे ते डॉ. मोझेस स्वतः बेने इस्राएल होते आणि १९३७ साली मुंबईचे महापौर झाले होते. थेट फाटकाशी जाऊन उभ्या राहू नका. मावशींचे कुटुंब कोणत्या मशिदीचे होते, हे त्यांच्या मुलाला आधी फोनवर विचारा. बेने इस्राएल मंडळी मराठीत आपल्या प्रार्थनामंदिराला मशीद म्हणतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. मांडवीतील १७९६ च्या त्यांच्या सर्वांत जुन्या मंदिराला 'जुनी मशीद' म्हणत आणि मस्जिद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे मानले जाते. भायखळ्यातील कुटुंब असल्यामुळे आग्रीपाड्याचे मागेन हसिदीम किंवा जेकब सर्कलजवळचे तिफेरेथ इस्राएल यांपैकी एक असण्याची शक्यता मला अधिक वाटते. तिथल्या कार्यालयात जाताना स्वतःचे छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ ठेवा, कारण मुंबईतील सर्वच ज्यू प्रार्थनास्थळांना पोलीस बंदोबस्त असतो, आणि चौकशी झाली तर मनाला लावून घेऊ नका. शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी जाऊ नका. मावशींच्या वडिलांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, गावावरून पडलेले आडनाव आणि मृत्यूचे साल एवढे कागदावर लिहून न्या, म्हणजे नोंद शोधणे सोपे जाईल. कबर साफ करून घेण्याची, अक्षरे पुन्हा रंगवण्याची आणि फोटो काढण्याची परवानगी त्यांच्याकडूनच घ्या आणि काम त्यांच्याच माणसाकडून करून घ्या. ती माणसे मराठी बोलणारी आहेत. संपूर्ण हकीकत सांगितलीत तर तुम्हाला परके समजणार नाहीत.

कबरीपाशी हार, गुलाल, उदबत्ती असे काही नेऊ नका. आपल्या हाताला त्याची सवय असते, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. ज्यू रिवाजात कबरीवर फुले वाहण्याऐवजी एक लहानसा दगड ठेवतात आणि बाहेर पडताना हात धुतात. एक दगड मावशींच्या वतीने ठेवा आणि एक आईच्या वतीने. जुन्या कबरींवर हिब्रूखाली मराठीतही मजकूर कोरलेला असतो. तसा असेल तर तो तिथे उभे राहून पूर्ण वाचा आणि वहीत उतरवून घ्या. समुद्राच्या हवेने आणि पावसाने अक्षरे गेली असतील किंवा नोंद सापडूनही नेमकी कबर ओळखता आली नाही, तरी हात हलवत परत येऊ नका. ज्या भागात ती आहे त्या भागाचा फोटो घ्या आणि मावशींना खरे तेच सांगा. दुसऱ्याच कुणाच्या कबरीचा फोटो 'हीच असावी' म्हणून नेणे मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळा.

निघण्यापूर्वी मावशींच्या मुलाशी आणखी एकदा बोला आणि आई २०११ मध्ये गेली हे त्याला फोनवरच सांगा. ८५ वर्षांच्या बाईला, दार उघडताच, 'तुझी आई कशी आहे' या प्रश्नाचे उत्तर म्हणून ती बातमी मिळू नये. त्याच्या आईला ती बातमी कधी आणि कशी द्यायची, किंवा द्यायचीच की नाही, हे मुलाला ठरवू द्या. रोज तिच्यासोबत राहणारा तो आहे. पैशांची आणि फोटोची गोष्ट मात्र फोनवर काढू नका. ती समोर बसून बोलण्याची आहे.

सांगायचे कसे, हा तुमचा खरा प्रश्न आहे असे मला वाटते. थोडक्यात सांगा, भेटीच्या सुरुवातीच्या अर्ध्या तासात सांगा आणि रडत सांगू नका. अपराधी माणूस समोर रडू लागला की ज्याचे नुकसान झाले त्यालाच त्याची समजूत काढावी लागते, आणि हे ओझे तुम्ही त्यांच्यावर टाकू नये. मी तुमच्या जागी असते तर साधारण असे म्हणाले असते: 'मावशी, तुम्ही आजोबांच्या कबरीसाठी पैसे पाठवले होते. तेव्हा संप चालू होता आणि घरात काही नव्हते, म्हणून आईने ते खर्च केले. तिला तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटली. तुमची पत्रे तिने शेवटपर्यंत जपून ठेवली होती. मी आता वरळीला जाऊन आले आहे. हा फोटो.' एवढे पुरे आहे. 'क्षमा करा' हे शब्द आले तर येऊ द्या, पण उत्तराची वाट पाहत थांबू नका. त्या रागावल्या तर रागावू द्या, आणि गप्प राहिल्या तर तुम्हीही थोडा वेळ गप्प राहा.

इथे तुमच्या पत्रातील एका तपशिलाकडे तुमचे लक्ष वेधते, कारण तो तुम्ही ओझरता लिहिला आहे. ती तीन पत्रे घड्यांवर झिजून फाटली आहेत, असे तुम्ही म्हणता. ट्रंकेत नुसते पडून राहिलेले पत्र पिवळे पडते, त्याला कसर लागते. पण घड्यांवर ते तेव्हाच फाटते जेव्हा ते पुन्हा पुन्हा उघडून पुन्हा पुन्हा मिटले जाते. तुमच्या आईने ती पत्रे किती वेळा वाचली असतील याचा विचार करा. ती पत्रे हातातल्या बॅगेत, प्लास्टिकच्या पाकिटात घालून सोबत न्या. मुलाची हरकत नसेल तर मावशींना दाखवा आणि त्या म्हणाल्या तर एखादे वाचून दाखवा. आपल्याला उत्तर का आले नाही याचे इतके स्पष्ट उत्तर तुमच्या तोंडच्या कोणत्याही वाक्यातून त्यांना मिळणार नाही.

त्या विसरतात, याची भीती बाळगू नका, पण तयारी ठेवा. 'ओळखलंत का मला?' हा प्रश्न विचारू नका. विसरणाऱ्या माणसाला तो परीक्षेसारखा वाटतो आणि उत्तर आले नाही की तो कोमेजतो. आपण होऊन सांगा की मी अमक्या चाळीतली, अमकीची मुलगी, शनिवारी तुमचा दिवा लावायला येत होते ती. स्मृतिभ्रंशात कालचे जेवण आठवत नाही, पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे घर, आवाज आणि वास पुष्कळदा शिल्लक असतात, आणि आयुष्यात उशिरा शिकलेली भाषा मागे पडून लहानपणची भाषा वर येते असेही अनेक घरांत दिसते. तुम्ही मराठीतच बोला, आणि शक्यतो चाळीत बोलत होतात तसे बोला. तिकडच्या बेने इस्राएल समाजाने मराठी सोडलेली नाही. 'मायबोली' नावाचे त्यांचे मराठी त्रैमासिक तिथून निघत आले आहे. मुलाला मराठी तुटक येत असेल आणि नातवंडांना मुळीच येत नसेल, तर कदाचित कित्येक महिन्यांत मावशींशी त्यांच्या भाषेत पोटभर बोलणारे पहिले माणूस तुम्हीच असाल. म्हणून एकाच दिवशी चार तास बसण्यापेक्षा महिनाभरात तीन-चार वेळा, सकाळच्या वेळी, तासाभरासाठी जा. पहिल्या भेटीत सांगितलेले दुसऱ्या भेटीत त्यांना आठवले नाही, तर ते पुन्हा सांगण्याची गरज नाही. त्या दिवशी नुसता फोटो दाखवा.

दिवस निवडताना शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा वेळ सोडा. तुम्हाला शनिवार शिकवावा लागू नये, तरी एक गोष्ट लक्षात ठेवा की तिकडे बहुतेक ठिकाणी त्या काळात बसगाड्याही बंद असतात आणि धार्मिक घरांत फोन उचलत नाहीत. रविवार हा कामाचा दिवस असतो, म्हणून मुलाला सुट्टी नसेल. पण मावशींशी निवांत बोलायला तो चांगला. तिकडची परिस्थिती वारंवार बदलते, तेव्हा तिकीट पक्के करण्यापूर्वी आणि निघण्याच्या आठवड्यात आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासविषयक सूचना पाहा. धोका असेल तर प्रवास पुढे ढकला, आणि मग फोटो टपालाने किंवा मुलाच्या फोनवर पाठवण्यात विलंब करू नका, कारण मावशींचे वय थांबणार नाही.

खाऊविषयी. घरून करून नेण्याचा तुमचा मोह मी समजू शकते, पण आपल्या ज्या भांड्यांत कोलंबी आणि खेकडे शिजतात त्या भांड्यांतले पदार्थ कोशेर (ज्यू धर्मातले खाण्याचे नियम) पाळणाऱ्या घरात चालत नाहीत, आणि पाहुणीचे मन मोडू नये म्हणून ते अडचणीत येतात. त्यांच्याकडे मांसाच्या जेवणात दूधदुभते चालत नाही, म्हणूनच तर त्यांची कालवणे नारळाच्या दुधात होत असत, हे तुमच्या आईलाही ठाऊक असणार. मुलाला आधी विचारा. माझी सूचना अशी की दुकानातले बंद पाकिटातले पातळ पोहे न्या. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने बेने इस्राएल घरांत जो मलिदा होतो तो भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ किंवा साखर आणि वेलची यांचाच असतो, आणि मुंबईचे पोहे पाहून त्या घरात काय होईल ते तुम्हाला तिथे गेल्यावर दिसेलच. ताजी फळे, रोपे, बियाणे आणि मांस नेऊ नका. हापूसच्या पेटीचा विचार मनात असेल तर तो इथेच सोडा, कारण ती विमानतळावरून पुढे जाणार नाही.

परतताना ती मंडळी तुमच्या हाती मुंबईच्या नातेवाइकांसाठी पिशव्या देतील. त्या तुमच्यासमोर भरल्या जातील असे पाहा. तेल अवीवच्या विमानतळावर सामान कोणी भरले, कोणी काही दिले का, असे प्रश्न शांतपणे आणि बारकाईने विचारले जातात. तिथे खरे आणि सरळ उत्तर द्यावे, आणि त्यासाठी नेहमीपेक्षा बराच आधी निघावे.

राहिले पैसे. नोटा मावशींच्या हातात ठेवू नका. तीनशेचे आजचे किती, व्याज किती, हा हिशेब त्या घरात मांडला गेला तर त्या मैत्रीची उधारी होईल. कबरीच्या साफसफाईचा आणि रंगाचा खर्च तुम्ही कराल, तेव्हा ते तीनशे रुपये ज्या कामासाठी आले होते त्याच कामी लागलेले असतील. त्यावर काही द्यावेसे वाटलेच तर कबरस्तानाच्या देखभालीसाठी मावशींच्या वडिलांच्या नावाने द्या, पावती घ्या आणि ती मुलाला दाखवा. इथून पुढे वर्षातून एकदा वरळीला जाऊन कबरीची पाहणी करण्याचे तुम्ही स्वतःहून कबूल केलेत तर मला फार आनंद होईल. पण पाळता येईल तरच कबूल करा, त्या घराला या बाबतीत एकदा वाट पाहावी लागली आहे.

फोटो मोबाइलमध्ये ठेवून तिथे दाखवू नका. एखाद्या स्टुडिओतून कागदावर मोठा छापून घ्या, कारण ८५ वर्षांच्या डोळ्यांना पडद्यावरची अक्षरे लागत नाहीत आणि हातात धरलेली वस्तू दुसऱ्या दिवशीही उशाशी असते. एक प्रत पूर्ण कबरीची आणि एक प्रत फक्त अक्षरांची असू द्या. दोन्हींच्या मागे तारीख घाला आणि खाली तुमचे नाव न लिहिता आईचे लिहा. मावशींचे पत्र तिला आले होते.